एकच दरसूत्र, तीन भाषा, तीन आकडे: कंपाइल करताना अपूर्णांक कापण्याचा घोळ

कासारीकाठ (प्रश्न)

मंडळी, नमस्कार.

मी दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्याकडच्या बहुतेक संस्था कोल्हापूर-सांगली भागातल्या. प्रत्येक संघाचं दरपत्रक निराळं आणि ते सारखं बदलतं. दर बदलला की तीन ठिकाणचा कोड हलवायला लागू नये म्हणून आम्ही दरसूत्रं लिहिण्यापुरती एक छोटी भाषा केली आहे. तिचा कंपायलर (एका भाषेत लिहिलेलं दुसऱ्या भाषेत नेणारा प्रोग्राम) एकाच सूत्रातून तीन भाषांतला कोड काढतो: काट्याशेजारच्या यंत्रासाठी सी (आत कॉर्टेक्स-एम४ चिप आहे), संस्थेच्या संगणकावर ब्राउझरमध्ये चालायला जावास्क्रिप्ट, आणि संघाच्या कार्यालयातल्या ताळमेळासाठी पायथन.

सूत्र अगदी साधं आहे. चाचणीच्या दरपत्रकातला गायीच्या दुधाचा भाग असा:

फॅट_शतांश = काप(फॅट × १००)
पॉइंट = काप((फॅट_शतांश − ३५०) ÷ १०)
फरक = पॉइंट × ३०

म्हणजे ३.५ फॅटच्या वर किंवा खाली, प्रत्येक ०.१ ला लिटरमागे ३० पैसे. 'काप' म्हणजे दशांशानंतरचं सोडून द्या. संघांची पद्धतच ती आहे, पुढचा आकडा कितीही असो, वर ढकलायचा नाही.

'काप' आला की कंपायलर सीमध्ये इंट कास्ट (संख्या पूर्णांकात बदलणं) काढतो, जावास्क्रिप्टमध्ये '| ०' लावतो, आणि पायथनमध्ये पूर्णांकांचा भागाकार असेल तर '//', नाहीतर इंट(). तिन्ही गोष्टी अपूर्णांक कापतातच. तरी आकडे जुळत नाहीत.

पहिली तक्रार: फॅट ४.६०, दूध १२ लिटर. यंत्राच्या पावतीवर ११ पॉइंट, म्हणजे लिटरमागे ३ रुपये ३० पैसे जादा. ब्राउझरमध्ये त्याच नोंदीला १० पॉइंट, ३ रुपये. एका वेळच्या दुधावर ३ रुपये ६० पैशांचा फरक. ही तक्रार ठरावीक घरांतूनच येते, ज्यांच्याकडे जर्सी गायी आहेत त्यांच्याकडून. बाकी गायवाले आणि म्हैसवाले यांचं सगळं बरोबर.

दुसरी: फॅट ३.२६. यंत्र आणि ब्राउझर दोन पॉइंट कापतात, कार्यालयाचा पायथन तीन कापतो.

तिसरी: तालुक्याच्या स्क्रीनवर दहा दिवसांच्या बिलाची बेरीज कधीकधी ऋण दिसते.

एसएनएफला (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मात्र हा त्रास नाही. ते विश्लेषक यंत्राकडून आम्ही एकाच दशांशात घेतो आणि १० ने गुणतो.

यंत्र बरोबर आणि बाकी दोन चूक असं धरून त्या दोघांना यंत्राच्या मागे न्यायचं, असा सध्या विचार आहे. पण मूळ कारण कळल्याशिवाय हात लावायचा नाही. पावती आणि बिल जुळलं नाही की संशय संस्थेत काट्यावर बसणाऱ्या पोरावर येतो. सकाळी साडेपाचला रांगेत उभ्या असलेल्या माणसासमोर त्याला उत्तर द्यावं लागतं. म्हणून हे मुळापासून सुटायला हवं आहे.

---

नवा_कोडर

फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे संगणक अपूर्णांक अंदाजे साठवतो त्याचा, नेहमीचा प्रकार आहे. जिथे जिथे 'काप' आहे तिथे राउंड (जवळच्या पूर्णांकावर नेणं) टाका, प्रश्न मिटेल.

---

कासारीकाठ

नाही चालणार. ४.६८ फॅट असेल तर दरपत्रकाप्रमाणे ते ४.६ च्याच ओळीत जातं. राउंड केलं तर ४.७ होईल आणि संघ ते मानणार नाही. शिवाय राउंडही तिन्ही भाषांत एकसारखं नाही. २.५ चं पायथन ३ मध्ये २ होतं, कारण तो अर्ध्याला सम संख्येकडे नेतो. जावास्क्रिप्टमध्ये ३. आणि −२.५ चं जावास्क्रिप्टमध्ये −२, सीच्या राउंडमध्ये −३. एक घोळ काढून दुसरा आत घेतल्यासारखं होईल.

---

आर्द्रा

कासारीकाठ, तुमची जर्सीची नोंद फार महत्त्वाची आहे. कारण तिथूनच सापडतं. थोडं सविस्तर लिहिते.

४.६० ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही. डबलमध्ये (६४ बिटांत संख्या साठवायचा प्रकार, जावास्क्रिप्ट आणि पायथन तोच वापरतात) ती ४.५९९९९९९९९९९९९९९६ च्या आसपास साठते. तिला १०० ने गुणलं की उत्तर जवळच्या मावणाऱ्या संख्येवर बसवलं जातं, आणि ती संख्या ४६० नसून ४५९.९९९९९९९९९९९९९४ आहे. ब्राउझरचा कन्सोल उघडून ४.६ गुणिले १०० करून बघा, हेच दिसेल. '| ०' लावलं की ४५९. मग ४५९ − ३५० = १०९, भागिले १०, कापून १०. तुमचा एक पॉइंट इथे गेला.

तुमच्या यंत्रात ४६० का आलं? कॉर्टेक्स-एम४ मध्ये अपूर्णांकांचं गणित हार्डवेअरमध्ये असलंच तर ते फक्त सिंगल प्रिसिजनचं, म्हणजे ३२ बिटांचं असतं, म्हणून तुम्ही तिथे फॅट फ्लोटमध्ये (त्याच ३२ बिटांच्या प्रकारात) ठेवलं असणार. फ्लोटमध्ये ४.६० साठते ४.५९९९९९९० अशी. गुणिले १०० म्हणजे ४५९.९९९९९०. पण त्या टापूत दोन शेजारच्या फ्लोट संख्यांमधलं अंतरच ०.००००३ च्या जवळ आहे, त्यामुळे जवळची संख्या म्हणून ४६० निवडली जाते. कमी अचूकतेच्या गणितात चूक झाकली गेली, इतकंच. त्यावरून यंत्र बरोबर असं धरू नका.

यंत्रात ४.२० टाकून बघा. फ्लोटमध्ये ते ४.१९९९९९८१, गुणिले १०० म्हणजे ४१९.९९९९८, आणि बसतं ४१९.९९९९७ वर. कापलं की ४१९. म्हणजे ७ ऐवजी ६ पॉइंट. ४.७० लाही तसंच. ब्राउझरमध्ये मात्र ४.२० आणि ४.७० दोन्ही बरोबर येतात.

आता जर्सीचं. मी ० ते १० पर्यंतचं सगळं कागदावर मांडून पाहिलं. २.५६ पासून ४.०० च्या आधीपर्यंत, आणि ५.१२ पासून ८.०० च्या आधीपर्यंत, दोन दशांशांच्या कुठल्याही संख्येला १०० ने गुणून कापलं तर उत्तर बरोबरच येतं, डबलमध्येही आणि फ्लोटमध्येही. बिघडतं ते मधल्या ४.०० ते ५.११ या पट्ट्यात. त्यातल्या ११२ वाचनांपैकी १९ डबलमध्ये एकने कमी येतात: ४.०२, ४.०६, ४.१०, ४.१४, मग ४.२७, ४.३१, ४.३५, ४.३९ अशी ती २५ शतांशांच्या टप्प्याने परत परत येत राहतात. त्यातली बहुतेक तुमच्या पावतीवर दिसणारच नाहीत, कारण ४.३५ चं ४.३४ झालं तरी पुढे १० ने भागून कापल्यावर पॉइंट तोच राहतो. दिसतात ती फक्त शून्याने संपणारी: ४.१०, ४.६०, ५.१०. फ्लोटमध्ये तशी दोनच, ४.२० आणि ४.७०.

कारण शेजारच्या संख्यांमधल्या अंतरात आहे. ४ ओलांडलं की फॅटच्या बाजूचं अंतर दुप्पट होतं, पण गुणाकाराच्या बाजूचं ५१२ येईपर्यंत तेवढंच राहतं. त्यामुळे फॅट साठवतानाची चूक या पट्ट्यात गुणाकाराच्या अर्ध्या अंतरापेक्षा मोठी होऊ शकते आणि उत्तर खालच्या संख्येवर घसरतं. साध्या संकरित गायीचं दूध साडेतीन-चारच्या आत, म्हशीचं सहाच्या वर. मधल्या पट्ट्यात येतं ते जर्सीचं, गीरचं किंवा मिसळीचं. तुमच्या तक्रारी म्हणूनच त्या घरांतून.

एसएनएफ का वाचलं तेही सांगते. एक सिद्धान्त आहे: पूर्णांक म ला न ने भागून परत न ने गुणलं, तर न ही दोनच्या दोन घातांची बेरीज असताना म तंतोतंत परत मिळतो, प्रत्येक पायरीला उत्तर जवळच्या संख्येवर बसवलं जात असलं की झालं. १० म्हणजे ८ + २, त्यामुळे एक दशांश नेहमी सुखरूप. १०० म्हणजे ६४ + ३२ + ४, तीन घात, म्हणून हमी नाही. उद्या एसएनएफ दोन दशांशांत घ्यायला लागलात तर ब्राउझरमध्ये ८.२० आणि ८.७० चुकतील, यंत्रात ८.४० आणि ८.९०. तेव्हा तक्रार फक्त जर्सीवाल्यांची राहणार नाही, गावातल्या प्रत्येक गायवाल्याची होईल.

आणखी एक बघून घ्या: तुमचा कंपायलर सीमध्ये १०० लिहितो की १००.०? सीमध्ये फ्लोट गुणिले पूर्णांक १०० म्हणजे फ्लोटच. पण १००.० हा डबल आहे. तो आला की फॅट आधी डबल होतं आणि चूक झाकली जात नाही. तेव्हा ४.६० चे ४५९ होतीलच, शिवाय ३.६० चे ३५९ होतील. काढलेल्या कोडमध्ये एक ठिपका वाढला तर गावभरच्या पावत्या बदलतील.

---

कासारीकाठ

आर्द्रा, मनापासून आभार. १०० असंच आहे, ठिपका नाही. आणि ४.२० टाकून पाहिलं: ४१९. आत्तापर्यंत यावर एकही तक्रार आलेली नाही, कारण पावती यंत्राचीच हातात पडते आणि लोक तिलाच खरं मानतात. ज्यांची ४.२० आली त्यांना लिटरमागे ३० पैसे कमी गेले. हे ब्राउझरच्या घोळापेक्षा गंभीर आहे.

---

जुना_कंपायलर

दुसऱ्या तक्रारीबद्दल लिहितो, मी याच कामात बरीच वर्षं आहे.

३२६ − ३५० = −२४. −२४ ला १० ने भागलं की −२.४. सी आणि तुमचं '| ०' दोन्ही शून्याकडे कापतात, म्हणून −२. पायथनचा '//' नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो, म्हणून −३. धन संख्यांना दोन्हीचं उत्तर एकच, त्यामुळे ३.५ च्या वर कुणाला पत्ता लागत नाही.

पायथनने हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. तिथे बाकी नेहमी भाजकाच्या चिन्हाची येते: −२४ ला १० ने भागून बाकी ६. सीमध्ये बाकी −४. घड्याळाचे तास, वार, महिने असं चक्राकार गणित करायला पायथनची पद्धत सोयीची पडते. सीची गोष्ट अशी की १९८९ च्या मानकात ऋण भागाकार कुठल्या बाजूला कापायचा हे कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलं होतं. १९९९ च्या मानकात शून्याकडे असं पक्कं झालं, फोर्ट्रानमध्ये आधीपासून होतं तसं. सूक्ष्मनियंत्रकांचे जुने कंपायलर अजून वापरात असतील तर हे एकदा तपासून घ्या.

तुमच्या भाषेत 'काप' हा एकच शब्द आहे आणि तो कुठल्या बाजूला कापतो हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक लक्ष्यभाषेने आपापला अर्थ घातला. एका भाषेतून दुसरीत जाताना चिन्ह नेलं आणि अर्थ मागे राहिला की हे होणारच. माझा सल्ला: 'काप' काढून टाका, 'शून्याकडे_काप' आणि 'खाली_काप' असे दोन शब्द ठेवा, आणि प्रत्येक लक्ष्यभाषेत त्यांची स्वतःची छोटी फंक्शनं लिहा. त्या भाषेचा चालू ऑपरेटर उचलून वापरू नका. पायथनमध्ये शून्याकडे कापायचं असेल तर चिन्ह बाजूला काढा, निरपेक्ष मूल्यांवर '//' चालवा, चिन्ह परत लावा. सीमध्ये खाली कापायचं असेल तर भागाकार करून, बाकी शून्य नसेल आणि दोघांची चिन्हं वेगळी असतील तर एक वजा करा.

तिसऱ्या तक्रारीचं कारण '| ०' हेच आहे. ते फक्त अपूर्णांक कापत नाही, संख्या ३२ बिटांतही कोंबते. कमाल २१४७४८३६४७. पैशांत धरलं तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. तालुक्याचं दहा दिवसांचं बिल त्यापुढे गेलं की चिन्ह उलटतं. ३ कोटी रुपये म्हणजे ३०० कोटी पैसे, त्याचं '| ०' केलं की −१२९४९६७२९६. मॅथ.ट्रंक वापरा, ते २०१५ च्या मानकापासून आहे आणि ३२ बिटांचं बंधन घालत नाही. पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत डबलमध्ये नेमके मावतात, आणि त्या मर्यादेत एका पूर्णांकाला दुसऱ्याने भागून ट्रंक केलं तर उत्तर बरोबरच येतं.

सीमध्ये कधी बेरीज डबलमधून ३२ बिटांच्या इंटमध्ये आणत असाल तर तेही थांबवा. मर्यादेबाहेरच्या संख्येचं काय होईल हे सीचं मानक सांगतच नाही. एक्स८६ वर (नेहमीच्या संगणकातल्या चिपवर) −२१४७४८३६४८ मिळतो, एआरएमवर (तुमची कॉर्टेक्स चिप त्यातलीच) २१४७४८३६४७ ला अडकतो, वेबअसेम्ब्लीची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कंपाइल केलेल्या कोडची) मूळ सूचना कार्यक्रमच थांबवते. जावाने कमाल मूल्याला अडकवायचं असं भाषेतच ठरवलं आहे, रस्टनेही २०२० च्या १.४५ आवृत्तीत ते निश्चित केलं. कोरं वाचन आलं आणि त्याचं नॅन ('ही संख्या नाही' अशी खूण) झालं तर तोच खेळ: जावास्क्रिप्टचं '| ०' गुपचूप ० देतं, एआरएमही ०, एक्स८६ पुन्हा तो मोठा ऋण आकडा, पायथन एरर फेकतो. इथे पायथनचं वागणं मला सगळ्यात पटतं. फॅट वाचता आलं नाही तर ० फॅटची पावती निघता कामा नये.

---

संस्थासचिव

मी कोडवाला नाही, दूध संस्थेत सचिव आहे. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

३.२६ ला दोन पॉइंट कापायचे की तीन, हे तुम्ही संगणकाच्या भाषेवरून ठरवताय. आधी दरपत्रक बघा. आमच्याकडे भिंतीवर लावलेला छापील तक्ता असतो. उभ्या बाजूला फॅट ३.०, ३.१, ३.२ असं, आडव्या बाजूला एसएनएफ. जुन्या मिल्कोटेस्टरवर (फॅट मोजायच्या यंत्रावर) फॅट एकाच दशांशात दिसायचं, तेव्हा प्रश्नच नव्हता. आता नवीन यंत्र ३.२६ दाखवतं. तक्त्यात ३.२६ ची ओळ नाही. आम्ही ३.२ च्या ओळीत बघतो. ३.५ पासून ३.२ म्हणजे तीन पॉइंट खाली. वरच्या बाजूलाही तसंच, ४.६८ असेल तर ४.६ ची ओळ.

म्हणजे आधी फॅट कापतो, मग ३.५ शी तुलना करतो. तुमच्या सूत्रात आधी वजाबाकी आहे आणि मग कापणं. वर चालून जातं, खाली फरक पडतो. सगळ्या संघांचं असंच असेल असं म्हणत नाही. काही ठिकाणी 'पूर्ण ०.१ कमी झाल्यास' असे शब्द असतात, तिथे ३.२६ ला दोनच पॉइंट कापले पाहिजेत. ज्याचा दर त्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. खालच्या बाजूचा पॉइंट उत्पादकाच्या खिशातून जातो, त्यामुळे ते अंदाजाने ठरवू नये.

४.२० वाल्यांचे पैसे कमी गेले असतील तर तेही बघा. आमच्या गावात बरीच घरं अशी आहेत की दुधाच्या बिलावरच किराणा आणि पेंड चालते.

---

जुना_कंपायलर

सचिवसाहेबांनी जे सांगितलं त्याने माझ्या उत्तराचा मोठा भाग अनावश्यक ठरतो, आणि चांगल्या अर्थाने. आधी कापून मग वजा करायचं असेल तर:

फॅट_दशांश = काप(फॅट_शतांश ÷ १०)
पॉइंट = फॅट_दशांश − ३५

३२६ चे ३२, ३२ − ३५ = −३. कापली जाणारी संख्या कायम धन, त्यामुळे सी, जावास्क्रिप्ट, पायथन तिघांचं एकमत. ऋण संख्या कापणीपर्यंत येतच नाही. पायथन इतके दिवस तक्त्याप्रमाणे उत्तर देत होता त्याचं कारणही हेच: खाली कापायचं असेल तर पूर्णांक आधी वजा केला काय किंवा नंतर, फरक पडत नाही.

तरीही कंपायलरमध्ये तपासणी घाला. 'काप' च्या आत ऋण होऊ शकणारी राशी आली तर कोड काढू नका, सूत्र लिहिणाऱ्याला बाजू विचारा. 'पूर्ण ०.१ कमी' वाल्या संघाच्या सूत्रात तो 'शून्याकडे_काप' लिहील, आणि ते त्याने समजून लिहिलेलं असेल.

---

आर्द्रा

फॅट_शतांश बद्दल एवढंच राहिलं: तिथे गुणाकारच नको. विश्लेषकाकडून सिरियल पोर्टवर मजकूर येतो ना? '४.६०' ही चार अक्षरं. ठिपका काढा, उरलेले अंक पूर्णांक म्हणून वाचा, ४६०. फ्लोट मधे येतच नाही. फक्त शेवटचं शून्य गाळणारी यंत्रं असतात, ती '४.६' पाठवतात. ठिपक्यानंतर किती अंक आहेत ते मोजून दोन होईपर्यंत शून्य जोडा, नाहीतर ४६० चे ४६ होतील. दोनपेक्षा जास्त अंक आले तर पुढचे सोडा. ही कापणी मजकुरावरच होते, म्हणून तिन्हीकडे सारखीच.

ब्राउझरकडे आणि कार्यालयाकडे जाणाऱ्या नोंदीतही ४.६ पाठवू नका, ४६० पाठवा. जेसनमध्ये (नोंदी पाठवायच्या मजकुराच्या साच्यात) ४.६ गेलं की पलीकडे ते डबल झालंच म्हणून समजा.

जुन्या नोंदी डबलमध्येच साठवलेल्या असतील तर तेवढ्यापुरतं राउंड योग्य आहे. तिथे आपण नियम लावत नाही, मूळ वाचन परत मिळवतो. ४५९.९९९९९९९९९९९९९४ हे मुळात ४६०च होतं. नवा_कोडर यांची सूचना त्या जागी बरोबर बसते.

---

नवा_कोडर

आर्द्रा, हे वाचन परत मिळवणं आणि नियम लावणं वेगळं आहे हे आत्ता नीट कळलं. एक विचारतो: हे परत बिघडू नये म्हणून चाचणी कशी लावायची? सगळ्या संख्या तपासणं शक्य आहे का?

---

कासारीकाठ

शक्य आहे. फॅटची शक्य वाचनं ०.०० ते १५.०० धरली तरी १५०१च होतात. प्रत्येक दरसूत्रासाठी ती सगळी वाचनं तिन्ही लक्ष्यभाषांतल्या कोडमधून चालवायची आणि ओळ न ओळ जुळवायची, असं ठरवलं आहे. यंत्राचा कोड संगणकावर कंपाइल करून नाही, प्रत्यक्ष चिपवर चालवणार. ४.२० चा प्रकार संगणकावर फ्लोटऐवजी डबलमध्ये चालवला असता तर दिसलाच नसता. बेरजेसाठी २१४७४८३६४७ च्या अलीकडची, पलीकडची आणि ३०० कोटींची नोंद वेगळी घातली आहे. कोऱ्या वाचनाला तिन्हीकडे एकच उत्तर: पावती नाही, 'नमुना परत तपासा'.

सूत्राचं तसंच करतो: मजकुरातून शतांश, शतांशातून दशांश, मग वजाबाकी. ज्या संघांच्या दरपत्रकात 'पूर्ण ०.१ कमी' असे शब्द आहेत त्यांना उद्याच पत्र टाकतो आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्यांचं सूत्र जुन्या आवृत्तीवरच ठेवतो.

४.२० आणि ४.७० चं: यंत्राच्या मेमरी कार्डवर विश्लेषकाकडून आलेला मूळ मजकूर जसाच्या तसा साठतो, त्यामुळे प्रत्येक नोंद परत मोजता येईल. उत्पादक क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, छापलेला दर आणि योग्य दर अशी यादी संस्थानिहाय काढतो. ज्यांना कमी गेलं त्यांचा फरक पुढच्या दहा दिवसांच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवावा, असं संघाला सुचवणार आहे. सचिवसाहेब, त्या ओळीला तुमच्याकडे काय नाव देतात ते कळवाल का? लोकांना बिलावर ओळखीचा शब्द दिसला तर काट्यावरच्या पोराला समजावत बसावं लागणार नाही.

---

संस्थासचिव

'मागील दर फरक' असं लिहा. सोबत ज्या तारखांचा फरक आहे त्या तारखाही छापा, नुसती रक्कम नको. आणि यादीची एक प्रत संस्थेच्या सूचना फलकावर लावायला पाठवा, मी आमच्याकडे स्वतः लावतो.